पुतळी घिसाडणीचं निळं पातं

फार वर्षांपूर्वी, आमच्या घाटातून टांगे जायला नुकती सुरुवात झाली होती, त्या काळी उंबरघोळात एक बाई चार दिवसांसाठी आली आणि जन्मभर राहिली. तिचं नाव पुतळी. ती घिसाड्यांची. बैलगाड्या घेऊन गावोगाव फिरायचं, थांबू तिथं भट्टी पेटवायची आणि लोकांचे विळे-कोयते घडवून द्यायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. पुतळीचा नवरा लवकर गेला होता, म्हणून घणही तीच मारायची आणि तापल्या पात्याला पाणीही तीच द्यायची. असं म्हणतात, तिचा घण पडला की तीन डोंगरांपलीकडची गुरं माना वर करायची. तुम्ही हसा खुशाल. मी ऐकलं तसं सांगतो.

आमच्या गावाची कमाई म्हणजे मोहाळकड्यावरचा मध. हा कडा वरून पुढं झुकलेला आहे, त्यामुळं वेलीच्या दोरावरून उतरलेला माणूस पोळ्यापासून दूरच लोंबतो. मग तो झोका घेऊन खडकाशी जातो, कपारीत चाकू रोवतो, दोर सोडतो आणि एका हातानं चाकूला लटकून दुसऱ्या हातातल्या बांबूच्या कामटीनं पोळं कापतो. तेवढा वेळ त्याचा सगळा जीव त्या वीतभर लोखंडावर असतो. म्हणून आमच्यात रीत अशी, की हा चाकू पुरुषानं लोहाराच्या हातून घ्यायचा नाही. तो त्याच्या आईनं किंवा बायकोनं घ्यायचा आणि त्याच्या कमरेला बांधायचा.

त्या वर्षी चिमाबाई गवारीचा थोरला मुलगा नवशा पुतळीकडं गेला. घरात धाकटा अंबूही कड्यावर जाणारा, तेव्हा चाकू दोन हवे होते. पुतळीनं लोखंड घासायची एक जुनी कानस घेतली. कानशीचं पोलाद फार कडक, त्याला धारही तशीच लागते. पण कडक पातं पाणी दिल्यावर पुन्हा मंद आचेवर शेकावं लागतं, म्हणजे त्याचा ताठा उतरतो. नवशा म्हणाला, "शेकू नगं, धार उतरल. केस तुटला पायजे, केस!" पुतळीला हे चुकीचं आहे हे कळत होतं. पण चारचौघांत नवशानं डोक्याचा केस उपटून पात्यावर धरला, त्याचे दोन तुकडे झाले, लोकांनी वाहवा केली आणि ती गप्प बसली. चिमाबाईनं दोन्ही चाकू आपल्या हातानं घेतले. धार दाखवता येते हो. चिवटपणा दाखवता येत नाही, तो वेळ आल्यावरच कळतो.

आठव्या दिवशी नवशा कड्यावर असताना चाकू काचेसारखा मोडला आणि नवशा खाली पडून जागीच गेला.

घिसाड्यांनी घाईघाईनं गाड्या जुंपल्या. गाव अंगावर येईल याची त्यांना भीती होती. पुतळी मात्र ऐरणीपाशी बसून राहिली. तिच्या भावानं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. गाड्या वळणाआड गेल्या. त्यानंतर ती माणसं या घाटात कधीच फिरकली नाहीत.

ती का राहिली? दुसरा चाकू अंबूच्या कमरेला होता, म्हणून. ती तडक चिमाबाईच्या दारात गेली आणि म्हणाली, "बाई, तो चाकू त्याला वापरू देऊ नका. त्याच कानशीचा आहे. मी दुसरा करून देते."

चिमाबाईनं दार लावून घेतलं. गावालाही वाटलं, ही आता आणखी एक चाकू गळ्यात मारायला बघते. अंबूचा चाकू अजून केस तोडत होता, मग त्यात खोट काय असणार? नवशाचाच पाय घसरला असेल, असंही काही शहाणे म्हणाले. पुतळीशी बोलणं बंद झालं. पाणवठ्यावर ती आली की बायका घागरी उचलून निघायच्या. पुढचा हंगाम चैत्रात होता. तेवढे सहा महिने तिच्या हातात होते, आणि बोलायला ऐरणीशिवाय कोणी नव्हतं. असं म्हणतात, ती ऐरणीशी आपल्या बोलीत बोलायची आणि उत्तराची वाटही बघायची.

तिनं नांगराचा फाळ घेतला, त्याचं पातं वाकलं ते वाकलंच. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव घेतली, तीही मऊ निघाली. दुसरी कानस शेकून पाहिली, ती दगडावर आपटताच तिचा टवका उडाला. असली मोडकी-वाकडी पाती तिनं ऐरणीशेजारी उभ्या केलेल्या झोपडीमागं कमरेएवढी साठली म्हणतात.

एकदा बाजारातला एक हौशी व्यापारी वाट चुकून तिच्याकडं आला आणि शिंगाच्या मुठीचा मिटता चाकू मागू लागला. चार महिन्यांत तिच्याशी बोललेलं ते पहिलं माणूस. तिनं त्याला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि चाकूही करून दिला. पण देताना बजावलं, "सुपारी फोडा, दोरी कापा, फांदी छाटा. अंगाचा भार टाकू नका. मिटणारा चाकू कितीही चांगला केला तरी सांध्यातच दगा देतो." तो गेल्यावर ती बराच वेळ त्याच्या वाटेकडं बघत होती. तिला त्याचं नावही विचारायचं सुचलं नव्हतं.

मग फाल्गुनात घाटाच्या वळणावर एक रिकामा टांगा दरीत गेला. पुतळी खाली उतरली. चाकं फुटली होती, दांड्या मोडल्या होत्या, पण बैठकीखालच्या कमानीचा पाटा तसाच्या तसा होता. ती त्याच्यावर उभी राहिली. तो दबला आणि पाय काढताच जागेवर आला. माणसांची ओझी घेऊन वर्षानुवर्षं दगडांवरून गेलेलं लोखंड ते. पुतळी तिथंच बसून मोठ्यानं रडली.

या पाट्याचं तिनं पातं घडवलं, पण त्याला पाणी दिलं नाही, करंजाच्या तेलात विझवलं. घासून लख्ख केलं आणि निखाऱ्यांच्या कडेला शेकत ठेवलं. पात्यावर आधी गवती पिवळा रंग आला, मग तांबूस, मग जांभळा. तिनं हात आवरला. मोराच्या मानेचा निळा रंग चढला तेव्हाच पातं बाहेर काढलं.

ते घेऊन ती चिमाबाईकडं गेली. "याला रोज धार लावावी लागेल," ती म्हणाली, "केस तुटणार नाही. पण हे मोडणार नाही."

चिमाबाई अंगणात धान्य पाखडत होती. तिनं सूप खाली टाकलं. "ह्याच हातांनी घेतला व्हता तुह्याकडून! माह्या पोराच्या कमरेला म्याच बांधला! आता पुन्हा घेऊ? तुह्या चाकूला माहं पोर लटकलं, आता तू लटकून बघ!"

रागात माणूस काय वाटेल ते बोलतं. पुतळीनं मात्र मान डोलावली आणि ती सरळ मोहाळकड्याकडं चालू लागली.

ती दोरावरून उतरली, जिथून नवशा पडला त्याच कपारीत तिनं निळं पातं रोवलं आणि दोर सोडून दिला. असं म्हणतात, ती तीन दिवस लटकून होती. पातं धनुष्यासारखं वाकलं, पण मोडलं नाही. आग्यामोहोळाच्या माश्या उठून तिच्या अंगावर बसल्या, डोक्यापासून पायापर्यंत, पण एकही चावली नाही. उन्हात त्यांनी तिच्यावर सावली धरली म्हणतात. पहिल्या दिवशी खाली कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी शेळ्या राखणाऱ्या बायकांनी तिला पाहिलं, पण त्याही वाट बदलून गेल्या. कड्यावर माणूस लटकलेलं आणि खाली हाक मारायला कोणी नाही, असं उंबरघोळात त्याआधी कधी घडलं नव्हतं. हे सांगताना मला आजही गावाची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी अंबू दोर खांद्यावर टाकून मध काढायला निघाला, तेव्हा शेळ्यावाल्या बायकांपैकी एकीला राहवलं नाही. ती चिमाबाईला म्हणाली, "मावशे, ती अजून वरच हाय गं."

चिमाबाई अनवाणी धावत गेली. कड्याखाली उभी राहून ओरडली, "उतर गं बाय! उतर! म्या बघितलं!"

अंबूनं वर चढून दोर जवळ दिला तेव्हा पुतळी कपारीतून चाकू उपसून उतरली. तिची बोटं मुठीवरून सुटेनात. चिमाबाईनं ती एकेक करून सोडवली, चाकू आपल्या हातात घेतला आणि तो डोळ्यांसमोर आडवा धरून पाहिला. पातं सरळ होतं. मग तिनं अंबूच्या कमरेचा जुना चाकू ओढून काढला, पायाजवळच्या खडकाच्या फटीत घातला आणि अंगाचा भार टाकला. चाकू कट्‌कन मोडला. अंबू मोडक्या तुकड्याकडं बघत खाली बसला. चिमाबाईनं निळं पातं त्याच्या कमरेला बांधलं आणि पुतळीला म्हणाली, "चाल, भाकर खा."

तिनं माफ केलं, असं कोणी सांगत नाही. नवशाचं नाव त्या दोघींत पुन्हा कधी निघालं नाही. पण पुढं दर वर्षी चाकू घ्यायला सगळ्यात आधी चिमाबाईच जायची, आणि पुतळीच्या हयातीत कड्यावर कोणाचाही चाकू मोडला नाही. गावानं तिला घर बांधून दिलं. तरी पाऊस सरला की ती घाटाच्या वळणावर जाऊन बसायची. गाड्या आल्या नाहीत. एका वर्षी ती वळणावरही दिसली नाही आणि घरीही नव्हती. कोणी म्हणतात, तिची माणसं येऊन तिला घेऊन गेली. माझी आई म्हणायची, "नाही रे, कोणी आलं नव्हतं."

आजही चैत्रात उंबरघोळात चाकू विकायला लोहार आला, की बायका माल हातात घेत नाहीत. "आधी तू लटक," म्हणतात. गावाबाहेरच्या बुटक्या खडकात त्याच्याच चाकूचं पातं रोवून त्याला लटकावं लागतं. नवखा लोहार चिडतो, कुरकुरतो, आणि लटकतो. त्याचे पाय जमिनीवरून सुटले की गावातली म्हातारी-कोतारी, पोरंबाळं, शेतावर गेलेली माणसंसुद्धा हातातलं काम टाकून तिथं येतात आणि तो उतरेपर्यंत त्याच्याखाली उभी राहतात.