उंबऱ्यावरची शेवंती

एका राज्यात एका भावाने दिसेल त्याला एकच प्रश्न विचारला, "माझ्या बहिणीला काय झालंय?" त्याला उत्तर कुणी दिले नाही.

भावाचे नाव हैबत, बहिणीचे शेवंती. ती डिंक गोळा करायला रानात गेली ती परतली नाही. हैबतीला ती एका झाडाखाली सापडली. ओठ निळे, हात गार, घोट्यावर दातांच्या दोन खुणा. त्याने तिला पाठीवर घेऊन घरी आणले. उंबऱ्याशी उतरवताच ती उठून उभी राहिली. आत येईना, बाहेर जाईना, बोलेना, जेवेना. शेजारीपाजारी म्हणाले, "जरा दमलीय," आणि आपापल्या उंबऱ्यावरच्या माणसांना वळसा घालून कामाला लागले. त्या राज्यात घरोघरी कुणी ना कुणी असेच उभे होते.

राजा वज्रधराच्या लहानग्या राजपुत्राचा श्वास तापात थांबला, तेव्हापासूनची ही गोष्ट. राजाने मांत्रिकाला हुकूम केला, "श्वास थांबल्यावर लोक जो शब्द म्हणतात, तो माझ्या कानी पडता कामा नये." मांत्रिकाने तो शब्द प्रत्येक जिभेवरून उचलला आणि तांब्याच्या गडूत कोंडला. मग राजाने दुसरा हुकूम काढला. लिहिणाऱ्याने राजाच्याच डोळ्यांनी लिहावे. त्या दिवसापासून दगडावर कोरलेले प्रत्येक वाक्य 'महाराजांनी पाहिले की' असे सुरू होई. आणि महाराज उंबऱ्यांकडे पाहतच नसत. कुणाला काही सांगता येईना, आणि ज्यांना आपले काय झाले ते सांगितले गेले नाही ती माणसे उंबरा सोडून निघेनात.

कौलावर टिटवी ओरडली. हैबतीने रागाने दगड भिरकावला.

"नेम चुकला," टिटवी म्हणाली. "बहीणही अशीच सांभाळलीस वाटतं?"

"तोंड आवर! तिला काय झालंय ते सांग."

"शब्द माझ्याकडेही नाही. पण तीन कामं सांगते. गडू उघड. शब्द दगडावर बसव. मग तो राजाच्या तोंडून वदव. आणि ऐक रे ढेकळा, त्यानंतर ती इथे उभी राहायची नाही. निघून जाईल."

"मग उभी आहे तीच बरी की!"

"तिच्याकडे बघ आणि पुन्हा बोल."

हैबतीने पाहिले. शेवंतीच्या उघड्या डोळ्यांवर माश्या बसत होत्या आणि तिला त्या हाकलता येत नव्हत्या. तो निघाला.

गडू मांत्रिकाच्या तळघरात होता. त्याभोवती वेटोळे घालून एक राखणदार बसला होता. आजवर आलेला जो तो भिऊन त्याला 'जनावर' म्हणे, 'लांबडं' म्हणे, आणि असे म्हटले की तो हातभर वाढे. आता त्याचा फणा छताला टेकला होता. हैबतीला थांबून विचार करणे ठाऊकच नव्हते. तो ओरडला, "साप! नुसता साप आहेस तू!" फणा खाली आला. वेटोळी आवळत गेली. मनगटाएवढा साप सरपटत भिंतीच्या फटीत शिरला. हैबतीने गडूचे झाकण काढले. आत काही दिसले नाही, पण कोंडलेला शब्द परत येऊन बसावा तशी त्याची जीभ जड झाली.

गडू काखेत मारून तो राजलेखक नरहरपंतांकडे गेला आणि झाले ते त्या शब्दासकट सांगितले. पंतांनी छिन्नी घेतली, रीतीप्रमाणे कोरले, 'महाराजांनी पाहिले की हैबतीची बहीण मेली.' अक्षरे खपलीसारखी गळून पडली. पंतांनी घाम पुसला आणि पुन्हा कोरले, 'असे ऐकिवात आहे की.' तीही गळाली.

"दगड धरत नाही, बाळा. हे पाहिलंय कुणी?"

"मी."

"मग छिन्नी तूच धर."

"पंत, मला धड अक्षर येत नाही."

"मी खडूने काढून देतो. घाव तू घाल."

इथून पुढे मीच सांगतो, कारण तो भाऊ मीच. दुसऱ्याचे सांगावे तसे सांगत होतो तोवर सोपे गेले. मी कोरले, 'मी हैबत. माझी बहीण शेवंती साप चावून मेली. मी पाहिले.' ओळ वाकडी आली. एकही अक्षर पडले नाही.

दगड डोक्यावर घेऊन मी दरबारात गेलो. पहारेकऱ्यांनी भाले आडवे धरले. राजाच्या सिंहासनाजवळ, दाराच्या उंबऱ्यावर, रेशमी अंगरख्यातला लहानगा राजपुत्र उभा होता. राजाचे तोंड दुसरीकडे होते.

"काय आणलंस?" राजाने विचारले.

"एक ओळ आहे, महाराज. मोठ्याने वाचा."

"आम्ही वाचत नाही. आम्हाला वाचून दाखवतात."

"ही दुसऱ्याने वाचून चालायची नाही."

सेनापती हसला. "पोराला वेड लागलंय, महाराज." राजाने हात वर केला, दगडाकडे पाहिले आणि वाचू लागला. "मी..." पुढे 'हैबत' होते, ते त्याच्या तोंडून निघेना. "माझी..." तो थांबला. ओठ हलले, पण दगडावरचे बोलले नाहीत.

"माझा मुलगा मेला," राजा म्हणाला.

त्याने मान वळवली. पुष्कळ वर्षांनी त्याने दाराकडे पाहिले. राजपुत्राने डोळे मिटले, आणि सकाळचे धुके उन्हात विरते तसा तो विरला. राजा उंबऱ्यावर बसून मोठ्याने रडला. त्याला आवरायला कुणी गेले नाही. भाले आपोआप खाली आले. मग नगरातून आवाज येऊ लागले, एका घरातून, मग आळीतून, मग सगळीकडून. माझा बाप मेला. माझी सून मेली. माझा धनी मेला. वर्षानुवर्षे अडलेले उंबरे एकामागून एक मोकळे झाले. लोक मोकळ्या दारांतून बाहेर आले आणि एकमेकांच्या गळ्यात पडले. मांत्रिक कधी पळाला ते कुणाला कळले नाही. लिहिणाऱ्यांना आपापले डोळे परत मिळाले.

मी मात्र धावत सुटलो. मी पोचण्याआधी ती विरली असेल, या भीतीने वाटेत कुठे थांबलो नाही.

ती होती. तिचे पाऊल धूसर झाले होते, हातातून आरपार पलीकडचे दळणाचे जाते दिसत होते.

"किती उशीर रे," शेवंती म्हणाली.

"अक्का, तू..."

"कळलं मला. रडू नकोस, नाक वाहतंय." ती उंबऱ्यावर बसली, डावे पाऊल पुढे केले. "चालायला लांब आहे आणि टाचेत काटा रुतलाय. एवढा काढ."

मी तिचे पाऊल मांडीवर घेतले, नखाने कातडी दाबली आणि काटा काढला.