पाच ठिपक्यांची रेघ

एकदा एक धान्याचा व्यापारी एका बंदरातील वृद्ध नौकाशिल्प्याकडे आला. समोरच्या बेटांवर पिके करपली होती. "कोजागरीच्या उधाणाला धान्य निघाले नाही, तर तिथे चुली पेटणार नाहीत," तो म्हणाला. इतके धान्य एका खेपेत नेईल असे गलबत आजवर कोणी बांधले नव्हते. वृद्धाने ते काम आपल्या ज्येष्ठ शिष्यावर सोपवले.

शिष्याने काम वाटून दिले. सांगाडा बंदरातल्या सुताराकडे, डोलकाठी आणि शीड खाडीपलीकडच्या एका कारागीर बाईंकडे. दोघेही आपल्या विद्येत निष्णात. पण गलबत रुंद केले की जड होई, त्याला मोठे शीड लागे. शीड मोठे केले की डोलकाठी उंच होई आणि गलबत कलू लागे, म्हणून सुतार ते आणखी रुंद करी. प्रत्येक वेळी सुतार बैलगाडीएवढा नमुना घडवून, त्यात वाळू भरून मगच उत्तर देई. बाईही खरे शीड बेतून, वाऱ्यावर पारखूनच होकार देत. एका फेरीला आठ दिवस जात. तीन फेऱ्या झाल्या, मेळ बसेना.

"आधी तुमच्या सुताराला एका मापावर थांबायला सांगा," बाईंनी ठणकावले.

"मी थांबतो की! बाईंना शीड आखडायला सांग," सुतार म्हणाला.

शिष्य खालमानेने गुरूंपुढे उभा राहिला. त्यांनी सुताराकडून हातभर लांबीच्या पाच होड्या करवून घेतल्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी रुंद. पाण्याने भरलेल्या दगडी डोणीत त्या सोडून ते एकेकीवर एकाहून एक उंच काड्या उभ्या करीत आणि होडी कलंडेपर्यंत पाहत. मग फळीवर कोळशाने ठिपका देत. पाच होड्या, पाच ठिपके, त्यांतून ओढलेली एक रेघ.

शिष्याला राहवेना. "बाबा, तिकडे माणसे उपाशी राहायची वेळ आली आहे, आणि आपण खेळणी तरंगवतो आहोत!"

"ही रेघ सांगते, किती रुंद गलबत किती उंच डोलकाठी पेलेल. आता बाईंकडून दुसरी आण. किती रुंद गलबताला किती उंच डोलकाठी लागेल? लहान तराफ्यांवर, लहान शिडांनी."

दोन दिवसांत शिष्य परतला. दोन्ही रेघा खऱ्या गलबताच्या मापात एका फळीवर काढून पुढे वाढवल्या, तर त्या चौदा हात रुंदीवर एकमेकींना छेदत होत्या. आनंदाने तो लाकूड कापायला धावला. गुरूंनी त्याचा दंड धरला.

"तुझा शेवटचा ठिपका कुठे आहे?"

"बारा हातांवर."

"मग चौदाचे तुला कोणी सांगितले?"

म्हणून आधी चौदा हातांच्या हिशेबाने सुताराने मोठा नमुना घडवला. तो वाळूसकट कलंडला. शिष्याचा चेहरा पडला, गुरू मात्र हसले. "उत्तम! हा सहावा ठिपका." रेघ किंचित वाकली, छेद साडेचौदावर सरकला. तिथे पुन्हा खरा नमुना आणि बाईंचे खरे शीड जोडले. या वेळी नमुना ताठ उभा राहिला. बाईंनी स्वतः वाकून पाहिले आणि सुताराला म्हणाल्या, "मिस्त्री, जमलं हो!"

गुरू शिष्याला म्हणाले, "दर प्रश्नाला तू दोघांची पूर्ण विद्या कामाला लावत होतास. वाट शोधताना त्यांचा अदमास पुरतो. त्याला शंभरदा विचार, तो थकत नाही. पण अदमास जिथे मोजला तिथेच खरा. म्हणून जिथे पाऊल टाकणार, तिथे खऱ्याला विचार, आणि चूक निघाली तर रेघ सुधार. रेघेला जपायचे नसते."

कोजागरीला उधाण चढले. धान्याने भरलेले गलबत उताराच्या ओंडक्यांवरून सरकत पाण्यात शिरले, एकदा डोलले आणि सरळ झाले. किनाऱ्यावर एकच जल्लोष उठला. सुताराने पागोटे हवेत उडवले. शीड फुगले, आणि पाहता पाहता गलबत खाडीच्या मुखातून बाहेर पडले. चौथ्या दिवशी बेटांवर चुली पेटल्याचा निरोप आला.

त्याच सकाळी व्यापाऱ्याने शिष्याला विचारले, "याहून दुप्पट मोठे गलबत बांधाल?"

शिष्याने ठिपक्यांची फळी पुढे ओढली. "बांधू," तो म्हणाला, "पण किती रुंद, ते आज सांगणार नाही. तिथे अजून आमचा एकही ठिपका नाही."

वृद्धाने समाधानाने मान डोलावली.