तांबड्या पागोट्यांचं बंदर

कोण जाणे किती वर्षांपूर्वी, समुद्राकाठी एक राज्य होतं. त्याच्या बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली काळे खडक होते आणि वर टेकडीवर मोठा दिवा होता. बंदरात माल उतरवणारा प्रत्येक जण जकात भरायचा. त्या जकातीतूनच दिव्याचं तेल यायचं.

राजाच्या मनात आलं, परदेशी व्यापारी इथे यावेत, त्यांनी इथे पैसा गुंतवावा. त्यानं दवंडी पिटवली, "परदेशी माणसाला जकात माफ! आपल्या माणसांना मात्र दुप्पट!"

गावात खोबरेल तेलाचा एक बडा व्यापारी होता. दुप्पट जकात त्याला परवडणारी नव्हती, पण डोकं शाबूत होतं. त्यानं पलीकडच्या किनाऱ्यावरच्या आपल्या घाण्यावरून आपल्याच होडीत आपलंच तेल भरलं, खडकांना वळसा घातला, परदेशी लोक बांधतात तसं तांबडं पागोटं डोक्याला गुंडाळलं आणि पुन्हा बंदरात शिरला.

नाक्यावरचा कारकून चकित झाला. "शेठ, तुम्ही?"

"कोण शेठ? मी परदेशी!"

हुकूमच तसा, कारकून बिचारा काय करणार? त्यानं होडी सोडली. बघता बघता सगळ्या बंदरानं तांबडी पागोटी बांधली.

राजा गच्चीतून पाहून हरखून जायचा. "बघा, किती परदेशी आले!"

खजिनदार म्हणाला, "महाराज, दिव्याच्या तेलापुरतीही जकात जमलेली नाही."

"एवढे परदेशी आलेत आणि तुम्ही तेलाचं काय घेऊन बसलात?"

अशा आनंदाला औषध नसतं. टेकडीवरचा दिवा विझला.

नेमकं तेव्हाच एक खरंखुरं परदेशी गलबत येत होतं. त्यावर एक नामांकित जहाजबांधणारा होता. जकात माफ आहे असं ऐकून तो इथे गोदी उभारायला निघाला होता. तेलवाल्याचा एकुलता एक मुलगाही त्याच गलबतानं घरी परतत होता.

संध्याकाळी वादळ उठलं. अंधारत चाललेल्या पाण्यावर शीड दिसलं, ते सरळ खडकांच्या दिशेनं!

"दिवा लावा!" तेलवाला ओरडला. "माझा पोरगा आहे त्यात!"

"कशानं लावू, शेठ?" दिवा सांभाळणारी बाई रडवेली होऊन म्हणाली. "तेलाचा टिपूस नाही."

तेलवाला शरमला. त्याची वखार धक्क्यावरच होती, तेलानं गच्च भरलेली. पण टेकडी चढून दिवा भरेपर्यंत गलबत फुटलं असतं. त्यानं धावत जाऊन वखार उघडली, डोक्यावरचं पागोटं तेलात बुचकळलं, वल्ह्याला गुंडाळलं आणि पेटवलं. त्याचं पाहून सगळ्यांनी पागोटी उतरवली. काठावर पलित्यांची रांग लागली. गलबत वळलं, खडकाला घासलं, पण आत आलं.

राजाही धावत आला होता. पलित्यांच्या उजेडात त्याला उघडी डोकी दिसली. "अरे, हे तर सगळे आपलेच!"

तेलवाला मुलाला मिठी मारून रडत होता. जहाजबांधणारा राजाला म्हणाला, "महाराज, माफी ऐकून मी आलो. पण दिवाच लागत नसेल, तर ती माफी काय चाटायचीय? इतरांइतकी जकात मी आनंदानं भरली असती."

गलबताची डागडुजी झाली आणि तो निघून गेला. त्याची गोदी शेजारच्या राज्यात उभी राहिली.

राजानं सगळ्यांना एकच, झेपेल अशी जकात लावली. ती भरायला पहिला उभा राहिला तो तेलवाला, उघड्या डोक्यानं. दिवा पुन्हा लागला. त्याच्या उजेडात दिसायची ती शेजारच्या राज्याची नवी कोरी जहाजं.

तात्पर्य: पाहुण्याला एक माप आणि घरच्याला दुसरं लावलं, की घरचेच पाहुणे होतात आणि घरात दिवा लावायला कुणी उरत नाही.