स्वतःचे कुलूप तोडणारी शिष्या

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे एक अशी शिष्या आली, जिची बोटे रुग्णाच्या मनगटावर असत आणि कान मात्र खालच्या रस्त्यावर.

ती आयुर्वेदाची पदवी घेऊन आली होती. नाडीवरचे सारे श्लोक तिला मुखोद्गत होते, परीक्षेत गुणही उत्तम मिळाले होते. पण नाडी पुस्तकातून कळत नाही, ती बोटांना कळावी लागते. आणि बोटांना ते शिकवणारे हे वैद्य शहराच्या जुन्या पेठेतल्या एका गल्लीत, जिन्यावरच्या खोलीत बसत. त्यांच्यापाशी शिकायचे म्हणून घरच्यांचे मन मोडून ती आली होती. निघताना वडील एवढेच म्हणाले होते, "जमेना तर परत ये. इथे दवाखाना टाकून देऊ, गोळ्या देत बस." ते 'गोळ्या देत बस' तिच्या मनात रुतून राहिले होते.

शहरात आल्यावर थोड्याच दिवसांत तिची सायकल चोरीला गेली. तीही कुठे निर्जन जागी नव्हे; ग्रंथालयासमोरच्या वर्दळीच्या रस्त्यावर, भर दुपारी. समोर उसाच्या रसाचे गुऱ्हाळ, शेजारी झेरॉक्सचे दुकान, बाकड्यावर चार माणसे बसलेली. ज्याला विचारावे तो मान हलवी. कुणीच काही पाहिले नव्हते! तेव्हापासून तिला प्रत्येक चेहऱ्यात चोर दिसू लागला. शहरातल्या मावशीने तिला दुसरी सायकल दिली, तसा तिचा जीव आणखीच टांगणीला लागला. मागच्या चाकाला गोल कुलूप, पुढच्या चाकातून साखळी घालून ती गल्लीतल्या पाटीच्या खांबाला, आणि वर एक पितळी कुलूप. तोंडाला ओढणी गुंडाळून ती गल्लीत यायची, कुणाकडे न बघता कुलपे लावायची, ओढून बघायची, पुन्हा ओढून बघायची आणि जिना चढायची. अर्ध्या जिन्यावरून परत खाली येऊन आणखी एकदा ओढून बघायची.

वर खोलीत गुरुजी रुग्णाचा हात तिच्या हाती देत. ती तीन बोटे टेकवी, डोळे मिटी, आणि गोंधळून जाई.

"गुरुजी, दोन ठोके लागताहेत."

"त्यातला एक यांचा आहे," गुरुजी शांतपणे म्हणत. "दुसरा तुझा. तू फार दाबतेस."

ती बोटे सैल करी. तेवढ्यात खाली कुठेतरी लोखंडावर लोखंड वाजे, आणि तिचा स्वतःचा ठोका पुन्हा बोटांच्या टोकांशी धावत येई.

एके दिवशी एक रिक्षाचालक गृहस्थ तपासून घ्यायला आले होते. तिने नाडी धरली आणि खाली साखळीचा खळ्ळकन आवाज झाला. ती त्यांचा हात तसाच टाकून खिडकीकडे धावली. कुणी तरी दुकानाचे शटर वर केले होते, एवढेच. वळून पाहते तो काय, गृहस्थ पांढरेफटक पडलेले.

"काय झालं हो डॉक्टरीणबाई? नाडी बंद पडली का काय?"

गुरुजींनी त्यांची समजूत घातली, पुडी बांधून दिली, जिन्यापर्यंत पोहोचवले. मग येऊन आपल्या जागी बसले. रागावले असते तर बरे झाले असते, असे तिला वाटले.

"गुरुजी, मी उद्यापासून येत नाही," ती म्हणाली. "मला हे यायचं नाही. माझं चित्तच इथे नसतं. मी घरी जाते."

गुरुजींनी खलातले चूर्ण चाळायला घेतले. ते पुरते चाळून बरणीत भरले. मग म्हणाले, "सायकलच्या किल्ल्या आहेत तुझ्याजवळ?"

"आहेत."

"त्या इथे ठेव. ओढणीही ठेव. आणि खाली जाऊन तुझ्या सायकलची कुलपं तोड."

तिला वाटले, ऐकण्यात काही तरी चुकले. "तोडू?"

"परत जायचं ठरलंय ना? मग शहरातली कुलपं कशाला हवीत. जा. कुणी विचारलं तर खरं सांग. न विचारता मात्र काही सांगायचं नाही."

"पण लोक काय म्हणतील? मला चोर समजतील, गुरुजी!"

"समजू देत. मी खिडकीत आहे."

ती तोंड न झाकता गल्लीत उतरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. ऊन होते, दुकाने उघडी होती, माणसे ये-जा करत होती. भिंतीच्या कडेचा एक दगड तिने उचलला आणि सायकलपाशी बसली. पहिला घाव कुलपाऐवजी तिच्याच अंगठ्याला लागला. तिने मान खाली घातली. आता कुणी तरी ओरडणार, मानगूट धरणार, पोलीस बोलावणार.

"किल्ली हरवली वाटतं?" पानाच्या टपरीशेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेले एक गृहस्थ म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलू लागले, "हरवतेच. आमच्या सूनबाई तर किल्ल्या हरवण्यातच पटाईत आहेत."

दुसऱ्या घावाला समोरच्या गादी कारखान्यातून नदाफचाचा बाहेर आले. दाढीत कापूस अडकलेला. "ओ ताई, दगडानं काय होणार? सरका बघू." ते आत गेले आणि हातोडी नि पकड घेऊन आले.

पिठाच्या गिरणीतल्या वहिनींनी पदराला हात पुसत येऊन हँडल धरले. त्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. "साखळी अगदीच हलकी घेतलीत हो. दुकानदारानं फसवलंन तुम्हाला."

"चोऱ्या मात्र काय वाढल्यात!" वर्तमानपत्रवाले गृहस्थ म्हणाले. "परवा माझ्या मेहुण्याची गाडी गेली. भर दिवसा! लोक नुसते बघत राहतात हो. कुणाला काही पडलेलीच नाही."

"खरं आहे," असे म्हणत चाचांनी हातोडी मारली आणि पितळी कुलूप उडून गटाराच्या कडेला पडले. साखळी ओघळली. गोल कुलूप त्यांनी पकडीने पिळून काढले. वहिनींनी सीटवरची धूळही झटकून दिली.

"झालं बघा. आता चांगलं दणकट घ्या," चाचा म्हणाले.

ती मोकळ्या सायकलचे हँडल धरून उभी राहिली. तिने कुणाला काही सांगितले नव्हते, कारण कुणी काही विचारलेच नव्हते. तिच्या जागी दुसरे कुणी असते तर आत्ता गल्लीच्या टोकाला वळलेही असते. मागून 'सावकाश जा हो' असेही कुणी तरी म्हणाले असते.

तिने वर पाहिले. गुरुजी खिडकीत उभे होते. त्यांनी खाली भिंतीला टेकवलेल्या आपल्या जुन्या काळ्या सायकलकडे बोट दाखवले. आता ती घे, अशी खूण केली.

त्या सायकलला धड कुलूपही नव्हते. होते ते कधीचे गंजून उघडेच राहिलेले. आपली सायकल खांबाला टेकवून ती दबकत तिकडे गेली आणि तिने हँडलला हात लावला.

"ओ! ओ बाई!"

ती दचकून मागे सरली. हातोडी अजून चाचांच्या हातातच होती, पण चेहरा पार बदलला होता.

"ती कुठं घेऊन निघालात? ती वैद्यबुवांची आहे!"

"हात काढा आधी," वहिनी कडाडल्या. "कोण तुम्ही? कुठून आलात? एक सायकल झाली, आता दुसरी पण का?"

वर्तमानपत्र बाजूला पडले. "अहो, मघाची तरी हिची होती का? विचारलं का कुणी?" आणि जे गृहस्थ इतका वेळ बसल्या जागेवरून हलले नव्हते, ते वाट अडवून उभे राहिले. पानवाला टपरीतून उतरला. खरे सांगायला तिने तोंड उघडले, पण कुणी ऐकून घेईना. डोळे भरून आले.

तोवर गुरुजी कठडा धरत जिना उतरून आले. "ती माझी शिष्या आहे," ते म्हणाले. "आणि मघाची सायकल तिचीच."

वहिनी तिच्याकडे निरखून बघू लागल्या. "म्हणजे ती रोजची ओढणीवाली? ही होय ती? अगंबाई! आम्हाला वाटायचं, कुणी तरी नाडी दाखवायला येते आणि जाते. कधी मान वर करून बघायची नाही, बोलायची नाही."

चाचांनी हातोडी पाठीमागे लपवली. "पण स्वतःचंच कुलूप तोडायला सांगितलं कुणी हिला?"

"मी," गुरुजी म्हणाले.

"तुमचंही काही खरं नाही वैद्यबुवा," वर्तमानपत्रवाले म्हणाले, आणि हसावे की रागवावे हे न कळून पुन्हा बाकड्यावर जाऊन बसले.

वर आल्यावर तिने पाणी प्यायले. मग तिने विचारले, "गुरुजी, ग्रंथालयासमोर माझी सायकल गेली, तेव्हा तिथल्या लोकांनीही असंच..."

"हातोडी दिली असेल," गुरुजी म्हणाले. "उन्हात बिचारा कष्टतोय म्हणून पाणीही विचारलं असेल. तुला ते खोटं बोलले नाहीत. त्यांनी चोर पाहिलाच नव्हता. किल्ली हरवलेला एक माणूस पाहिला होता."

"पण तुम्हाला सगळे ओळखतात. तुम्ही त्यांना औषधं देता."

गुरुजी हसले. "नदाफ माझं औषध घेत नाही, इंजेक्शनशिवाय त्याचा ताप उतरत नाही. वहिनींना माझा काढा कडू लागतो. पण त्यांची मुलं कितवीत आहेत हे मला ठाऊक आहे, आणि माझी सायकल कोणती हे त्यांना." मग ते थांबले आणि एकेक शब्द निवडत बोलू लागले. "हे बघ, कुलूप चोराला एकच गोष्ट विचारतं: तुझ्यापाशी वेळ किती आहे? तो असला की कुलूप हरलं. 'तू कोण' हे कुलपाला विचारता येत नाही, ते माणसंच विचारतात. आणि त्यासाठी 'ही कुणाची' हे त्यांना आधी माहीत असावं लागतं. तू सायकल या गल्लीत ठेवलीस खरी, पण गल्लीपासून लपवून ठेवलीस. चोर तोंड लपवून येतो, तूही तोंड लपवून आलीस. मग गल्लीनं तुमच्या दोघांत निवड कशी करावी?"

तिने ओढणी उचलली, आणि पुन्हा तिथेच ठेवली.

"नवं कुलूप घे, चांगलं जाड घे," गुरुजी म्हणाले. "नुसत्या चाकाला लावू नकोस, चाक सोडून बाकीची सायकल नेतात. चौकट आणि मागचं चाक दोन्हींतून घाल, आणि तळमजल्याच्या खिडकीच्या गजाला लाव. माणसांच्या भरवशावर कुलूप सोडायचं नसतं. पण कुलपाच्या भरवशावर माणसं सोडलीस, तर जन्मभर ते कुलूप राखत तुलाच बसावं लागेल. आता जायचं असेल तर जा. मी अडवत नाही."

ती उठली. या वेळी जिना उतरणे कुलूप तोडण्यापेक्षा अवघड होते. गल्लीत येऊन ती चाचांच्या दारात उभी राहिली. कापसाचे तंतू उडत होते.

"मी शर्वाणी," ती म्हणाली. आवाज पुरता फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. "मी शर्वाणी. वर गुरुजींकडे शिकते. ती निळी सायकल माझी आहे."

"आता ते मला सांगतेस?" चाचा म्हणाले. "कुलूप मीच तर तोडलं!" आणि ते एवढ्या मोठ्याने हसले की गिरणीतून वहिनी डोकावल्या.

"काय गं, जेवलीस का तू सकाळपासून?"

ती दुसऱ्या दिवशी आली. त्यानंतरही येत राहिली. तिची धडधड एका दिवसात गेली नाही. अशा गोष्टी एका दिवसात जात नसतात. नवे जाडजूड कुलूपही ती दोनदा ओढून बघे. पण मग मान वर करी, कुणाशी तरी दोन शब्द बोले, आणि जिना एकदाच चढे.

पुढे एका दुपारी गुरुजींनी एका शिंपीणबाईंचा हात तिच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः पाठ करून औषधे काढू लागले. तिने बोटे टेकवली. त्याच वेळी खाली टेम्पोचा हॉर्न वाजला, पाठोपाठ साखळीचा खळखळाट आणि एक अनोळखी आवाज. ती अर्धवट उठली.

"ए! कोण रे तू? हात लावू नकोस," वहिनींचा आवाज वर आला. "आमच्या शर्वाणीची आहे ती."

"अहो मावशी, टेम्पो आत घ्यायचाय. जरा वाकडी करतो फक्त."

"मग थांब. ती काम करतेय वर. नदाफचाचा, जरा या हो!"

ती हळूच खाली बसली. बोटांखाली दोन ठोके होते. त्यातला एक धावत होता, धावता धावता दमला, आणि मागे पडला. मग दुसरा एकटाच उरला: बारीक, थकलेला, मध्येच अडखळणारा.

"ताई," तिने विचारले, "रात्री झोप लागत नाही ना तुम्हाला?"

बाईंनी तिच्याकडे चकित होऊन पाहिले आणि त्यांचे डोळे पाणावले. गुरुजींनी वळून पाहिले नाही. त्यांनी फक्त औषधाची बरणी तिच्या हाताशी सरकवली.

आपणही सायकल लावतो, कुलूप ओढून बघतो आणि घाईने निघतो. निघण्यापूर्वी शेजारच्या दुकानदाराला आपले नाव सांगायला मात्र फारसा वेळ लागत नाही.