अस्वलाचे द्रोण

रानात जनावरांचा बाजार भरायचा, त्या काळची गोष्ट. साळुंकीच्या शेजारचं अस्वल पानांचे द्रोण डिंकाने चिकटवून त्यातून मध विकायचं. टाकलेले द्रोण उचलताना बाजार झाडणाऱ्या मुंग्यांचे पाय डिंकात अडकत. म्हणून पंच कासवाने ठरवलं, विकणाऱ्याने दर द्रोणामागे मुंग्यांना मध द्यावा. साध्याला एक थेंब, डिंकाच्याला दहा.

"द्रोण फेकतात माकडं, आणि भुर्दंड मला?" अस्वल गुरगुरलं.

"माकडं मध मागतात दादा, डिंक नव्हे," कासव म्हणालं.

मध आटू लागला. आता हे दुकान बसणार, असं मान लांबवून बघणाऱ्या साळुंकीला वाटलं. पण अस्वलाने डिंकच सोडला आणि पळसाच्या पानाला काडी टोचून द्रोण केले. मुंग्या एकेका थेंबावर खूश!

साळुंकी रानभर सांगत सुटली, "आमच्या शेजारचंच आहे हो ते!"