गप्प टोळी

"मग दोन्हींतली चांगली टोळी कोणती?" केवलगिरी महाराजांनी विचारलं.

विश्वंभर याच प्रश्नाची वाट बघत होता. मठाच्या तळ्यातला गाळ साधकांच्या दोन टोळ्या काढत होत्या. त्यांचं आपसात कसं जमतं ते पाहायला महाराजांनी त्याला चैत्रापासून बांधावर बसवलं होतं.

"पूर्वेकडची, महाराज. वाद नाही, तंटा नाही. घमेलं या हातातून त्या हातात गुपचूप जातं. पश्चिमेकडचे मात्र दिवसभर भांडतात. चैत्रातही भांडत होते, आता वैशाख सरला तरी तेच."

"पूर्वेकडचे चैत्रात भांडत नव्हते?"

विश्वंभरनं चैत्र आठवून पाहिला.

"भांडायचे... पण मधेच एके दिवशी सगळे गप्प झाले. आता सुधारलेत."

महाराज नुसते हसले आणि पंगतीकडे निघाले.

पश्चिमेकडचे पानावरही भांडत होते. त्यांचा एक सोबती तापानं पडला होता. त्याला पेज द्यायची की मऊ भात, यावरून जुंपली होती.

पूर्वेकडचे खाली मान घालून जेवत होते. मधे एक पान रिकामं होतं.

"भैरवनाथ कुठंय?" महाराजांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"असेल इथंच..." एक जण म्हणाला.

"सकाळी होता का?"

कुणालाच सांगता येईना.

विश्वंभरनं हातातला घास पानात ठेवला. तो उठला आणि शोधत सुटला. गोठ्यामागे, चिंचेखाली भैरवनाथ सापडला. पायाला फावडं लागलेलं, वर बांधलेली अंगरख्याची चिंधी रक्तानं भिजलेली, ओठ कोरडे.

"अरे, हाक का नाही मारलीस?"

"कुणाला मारू?" भैरवनाथ म्हणाला.

विश्वंभरनं त्याला खांद्याचा आधार देत आणलं. पश्चिमेकडचे भरल्या पानावरून उठून धावले. हळद लावायची की आधी जखम धुवायची, यावरून त्यांची पुन्हा जुंपली. वाद चालू असतानाच जखम धुऊनही झाली. पूर्वेकडचे जरा लांब उभे होते, ओशाळलेले. मग त्यातल्या एकानं पाण्याचा तांब्या पुढे केला.

विश्वंभर महाराजांच्या पायाशी बसला.

"माझं मोजमाप चुकलं, महाराज. पूर्वेकडची टोळीच वाईट."

महाराज जखमेवर पट्टी बांधत होते. त्यांनी गाठ मारली.

मग त्यांनी वर पाहिलं.

"ती माणसं गप्प झाली, त्या दिवशी तू काय मोजलंस?"