दसऱ्याच्या शर्यतीतला हत्ती

एकदा एका वृद्ध अश्वशिक्षकाच्या शिष्याने सहा महिन्यांनंतरचा पाऊस आजच ठरवून टाकला.

त्याचे असे झाले. पाडव्याच्या सकाळी देवळात पंचांगवाचन चालले होते. जोशीबुवांनी वर्षफल सांगितले आणि पावसाच्या नक्षत्रांची वाहने वाचायला घेतली. नक्षत्राला वाहन कोणते, यावरून त्या पंधरवड्यात पाऊस किती, हे त्या गावात शेंबडे पोरही सांगत असे. कोल्हा असला तर पाऊस हुलकावणी देतो, बेडूक असला तर बरसतो. दसऱ्याच्या सुमारास येणाऱ्या हस्त नक्षत्राचे वाहन निघाले हत्ती. "हत्ती म्हणजे धो धो," असे म्हणून जोशीबुवांनी पान उलटले. मंडळी माना डोलावून प्रसादाची वाट पाहू लागली. शिष्य मात्र प्रसाद न घेताच तबेल्याकडे धावत सुटला.

त्याच्या धावण्याला कारण होते. त्या संस्थानात दसऱ्याच्या दुपारी घोड्यांची मोठी शर्यत होई आणि जिंकणाऱ्या तबेल्याला ओढ्याकाठचे कुरण वर्षभर चराईला मिळे. वृद्ध वस्तादांचा तबेला लागोपाठ दोन वर्षे हरला होता. सात घोड्या वाळल्या कडब्यावर दिवस काढत होत्या. यंदाही कुरण हुकले तर त्यांना बाजार दाखवावा लागणार, हे वस्तादांनी शांतपणे सांगून ठेवले होते. पहिली जाणार होती तांबडी, कारण ती सर्वांत तरुण. शिष्याने तिला शिंगरू असल्यापासून वाढवले होते आणि ती परक्या दावणीला बांधली जाईल ही कल्पनाच त्याला सहन होत नव्हती. यंदा तिला तयार करण्याची आणि तिच्यावर बसण्याची जबाबदारी वस्तादांनी त्याच्यावरच सोपवली होती.

"वस्ताद, दसऱ्याला चिखल असणार," तो धापा टाकत म्हणाला.

"बरं."

"सगळे कोरड्या जमिनीवर सराव करतील. आपण चिखलात करू."

"कर," वस्ताद म्हणाले. ते माणसांशी मोजकेच बोलत. त्यांचे पुष्कळसे बोलणे घोड्यांशी होई, कारण घोडे ऐकून घेतात असा त्यांचा अनुभव होता.

शिष्याने ओढ्याचे पाणी वळवून सरावाच्या रिंगणात सोडले. पहिले दोन दिवस तांबडीने चिखलात पाय घालायला साफ नकार दिला. तिसऱ्या दिवशी घातला, आणि महिन्याभरात तिला चिखलाची अशी काही गोडी लागली की आता ही म्हशींच्या कळपात जाऊन बसते की काय, अशी चर्चा होऊ लागली. शिष्यानेही स्वतःला सवलत दिली नाही. भर उन्हाळ्यात तो भिजवलेली घोंगडी पांघरून घोडीवर बसे, म्हणजे पावसात अंगावरच्या ओझ्याची सवय असावी. लोक हसत. तो मनात म्हणे, दसऱ्याला पाहू.

नालबंदाकडून त्याने चिखलात रुतून धरणारे, खाली खुंट्या असलेले नाल करवून घेतले. स्वतःसाठी रुंद, दुहेरी तळाचे, गुडघ्याला टेकणारे नवे जोडे शिवून घेतले. ते घालून तो चाले तेव्हा जमिनीला काय वाटत असेल ते असो, त्याला स्वतःला फार बरे वाटे.

ही बातमी गावातल्या एका धनिक व्यापाऱ्याला लागली. दोन वर्षे त्याचाच घोडा जिंकत होता. त्याने खबरदारी म्हणून तीन जोशी गाठले. एक म्हणाला पाऊस पडेल, दुसरा म्हणाला पडणार नाही, तिसरा म्हणाला पडेल किंवा पडला नाही याची खंत वाटेल. शेवटी व्यापाऱ्यानेही खुंट्यांचे नाल ठोकून घेतले. बाकीच्यांनी व्यापाऱ्याकडे पाहून ठोकले.

हस्त नक्षत्र लागले आणि खरोखरच दोन दिवस झोडपून पाऊस झाला. शिष्य अंगणात उभा राहून भिजला. तिसऱ्या दिवशी मात्र ऊन पडले, आणि मग ते रोजच पडत राहिले. दसरा चार दिवसांवर आला तसा शिष्याने जोशीबुवांचा उंबरठा झिजवायला सुरुवात केली.

"बुवा, हत्ती कुठं आहे?"

"निघालाय. जड जनावर, वेळ लागतो," बुवा म्हणाले.

दसऱ्याची सकाळ उजाडली तीच लख्ख. आभाळात ढगाचा औषधालासुद्धा तुकडा नव्हता. नालबंदापुढे घोड्यांची रांग लागली. व्यापाऱ्याच्या घोड्याचे खुंट्यांचे नाल उतरले आणि कोरड्या जमिनीसाठी हलके, सपाट नाल चढले. व्यापाऱ्याची माणसे घोड्यांवर बसून, कडेच्या बांधावरून, शर्यतीची सगळी वाट नजरेखालून घालून आली होती. जमीन सुकून भेगाळली आहे, असे त्यांनी सांगितले. सहा महिन्यांचा चिखल शिष्याच्या डोळ्यांसमोरून वाहून गेला. तो तांबडीचा लगाम धरून घाईघाईने रांगेत उभा राहिला.

वस्ताद काठी टेकत आले. "जोडे काढ," ते म्हणाले.

वस्तादांनी सांगितले म्हणून त्याने काढले. वस्तादांनी एक जोडा उचलून ओढ्यात फेकला. शिष्य काही बोलण्याआधी दुसराही त्याच्या मागे गेला. दोन्ही जोडे थोडे अंतर शेजारी शेजारी तरंगले आणि वळणाआड दिसेनासे झाले. रांगेतली मंडळी आ वासून पाहत राहिली. म्हाताऱ्याचे डोके फिरले, यावर सर्वांचे एकमत झाले.

"आता शर्यतीची वाट एकदा चालून ये," वस्ताद म्हणाले. "मी घोडी धरतो."

शिष्य निघाला तो मनातल्या मनात वस्तादांचा उद्धार करीत. अर्धा कोस जमीन तव्यासारखी तापली होती. एक काटा टाचेत गेला, तो काढेपर्यंत दुसरा अंगठ्यात. असा लंगडत तो ओढ्याकाठच्या वळणावर पोहोचला. तिथली जमीनही वरून तशीच सुकलेली, भेगाळलेली. त्याने पाऊल टाकले, पातळ पापुद्रा मोडला आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला. खाली गार, मऊ चिखल होता. शिष्य क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने दुसरा पाय टाकला. काठावरच्या बाभळीपासून देवळाच्या कट्ट्यापर्यंत, शंभरेक पावले, तो एकेक पाय रुतवत चालला. परतताना तो काटे विसरून धावत आला.

"वस्ताद, नाल बदलायचे नाहीत," तो म्हणाला.

"बरं."

दुपारी शर्यत सुटली. कोरड्या जमिनीवर तांबडी सर्वांच्या मागे पडली. तिला तो टणकपणा मुळीच आवडला नव्हता. लोक ओरडून ओरडून घोंगडीची आठवण करून देत होते. शिष्याने लगाम आवरून धरला आणि तिला दमू दिले नाही. वळण आले. व्यापाऱ्याचा घोडा भरवेगात पापुद्र्यावर आला, त्याचे सपाट नाल सरकले आणि तो गोंधळून थबकला. मागचे घोडे त्याच्यामागे अडखळले. एवढ्यात तांबडीच्या खुराला चिखल लागला. तिने कान टवकारले. माहेरच्या अंगणात पाऊल पडावे तशी ती सगळ्यांच्या मधून निघाली, आणि पुढच्या कोरड्या टप्प्यात व्यापाऱ्याच्या घोड्याने कितीही गाठत आणले तरी मानेइतके अंतर तिने राखलेच. शिष्य तिच्या गळ्यात पडून रडला. त्याची त्याला लाजही वाटली नाही.

जोशीबुवा गर्दीतून पुढे आले. "हत्ती येऊन गेला होता," ते वळणाकडे बोट दाखवून म्हणाले. "ही काय, पावलं उमटलीत." त्यांच्याशी वाद घालायला कोणी थांबले नाही.

संध्याकाळी सातही घोड्या कुरणात सोडल्या. शिष्य वस्तादांच्या शेजारी बसून तळव्यातले काटे काढत होता.

"वस्ताद, मग पंचांग खरं की खोटं?"

वस्ताद त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त बोलले. "पंचांगानं तुला लांबची बातमी दिली. तिच्यावरून तू घोडी तयार केलीस, ते चांगलंच केलंस. लांबची बातमी तयारीसाठीच असते. पण आज सकाळी तू पुन्हा वरच पाहिलंस, आणि वर ऊन दिसल्याबरोबर सगळी तयारी उपटून टाकायला निघालास. घोडी काय आभाळात धावते? तिचे चार पाय जमिनीवर असतात. तुझे दोनच होते, तेही दुहेरी चामड्यात."

शिष्याने आणखी एक काटा उपटला आणि म्हणाला, "पण नुसतं अनवाणी जा म्हणाला असतात तरी गेलो असतो. नवे जोडे होते हो."

"गेला असतास. जोडे हातात घेऊन गेला असतास, आणि पहिला काटा लागल्यावर पुन्हा पायात घातले असतेस. त्या वळणावर तू जोड्यांनिशी पोहोचला असतास, आणि त्या रुंद तळांना खालचा चिखल कळलाच नसता."

शिष्याने हातातल्या काट्याकडे पाहिले आणि मान हलवली.

पुढच्या पाडव्याला देवळात पुन्हा पंचांगवाचन झाले. हस्ताचे वाहन या वेळी निघाले कोल्हा. शिष्याने सगळे मन लावून ऐकले, दोनदा विचारून खात्री करून घेतली, जोशीबुवांना वाकून नमस्कार केला आणि या खेपेला प्रसादही घेतला. मग तो पायऱ्या उतरून शर्यतीच्या वाटेकडे चालू लागला.

"अरे, जोडे विसरलास," बुवा मागून म्हणाले.

"असू द्या, बुवा," तो म्हणाला. "येताना घेतो."